सत्तारभाईंची पट्टी

प्रिय नसीम,

झेंडू तोडून आणला, परड्या ओसरीवर ठेवल्या, चूल पेटवली की मी आधी टीव्ही लावायचे. आवाज बंद. मला फक्त पडद्यावर खाली सरकणारी पट्टी पाहायची असे. सत्तारभाई गावच्या केबलवरल्या आपल्या चॅनलवर रोज सकाळी गावातल्या मयतींची नावे लिहीत. कोण गेले, कोणत्या घरून निघणार, ते वाचून मी हार ओवायला बसे. वाचायला मी त्या पट्टीवरच शिकले, हे तुला ठाऊक आहे. नापिकीच्या त्या वर्षांत पट्टी लांब असायची. तरण्या पोरांची नावे यायची आणि माझे हात चालेनासे व्हायचे. आमचे धनी देवराव गेले तेव्हा त्यांचे नाव मी स्वतः वाचले. प्रेत ओसरीवर होते, पण खरे वाटले ते वाचल्यावर.

मग शहरातल्या कंपनीने गावच्या केबलच्या तारा घेतल्या आणि सत्तारभाईंनाच म्हणाली, आमच्या केबलवर दिसायचे तर वर्षाचे भाडे भरा. मी म्हटले, भरून टाका ना भाऊ. तर केवढे हसले! "वयनी, मेलेल्याचं नाव दाखवाले भाडं देऊ काय? माह्याच गावच्या बातम्या दाखोतेत, त्याहीनंच मले द्याव." दोघेही हटले नाहीत. एका सकाळी त्या नंबरावर नुसता निळा पडदा आला. पुढे तुम्ही दोघे मुलाकडे, तौहीदकडे अकोल्याला गेलात. तुमच्या दाराला कुलूप लागले आणि माझे बोलणे संपले. तरी मी रोज तोच नंबर लावते. निळा पडदा पाहत हार ओवते. आता कोणासाठी ओवते ते कळत नाही. उरलेले हार सुकतात.

नसीम, सत्तारभाईंना मातीसाठी आपल्या अंजनगावला आणले, त्या दिवशी मी मळ्यात पाणी देत होते. जनाजा मागच्याच रस्त्याने गेला. मला कोणी सांगितले नाही. सगळ्यांना वाटले, कौशल्येला कळलेच असेल. चार दिवसांनी बाजारात एका गिऱ्हाइकाच्या तोंडून ऐकले. तू नवऱ्यामागची इद्दत पाळते आहेस, तोवर अकोल्याच्या घराबाहेर पडायची नाहीस, म्हणून लिहिते. कौशल्या आली नाही, तिची फुलेही आली नाहीत, असे मनात धरू नकोस. दुसऱ्या दिवशी मी झेंडू बाजारात नेला नाही. कब्रस्तानच्या फाटकाशी रखवालदाराच्या ओंजळीत दिला. येताना चौकातल्या फळ्यावर खडूने मोठ्या अक्षरांत लिहिले: अब्दुल सत्तार, पट्टीवाले, गेले.

तुझीच,
कौशल्या