अंगठ्याची खूण

६ जून, शुक्रवार

बॉयकिनच्या तोंडावर चेंडू बसला. टाकला आमच्या पिचरने. खूण माझी होती.

नीट लिहितो, नाहीतर डोकं ठिकाणावर येणार नाही. काल आमच्या मॅकब्राइडने होमरन मारला, बॅट भिरकावली आणि रमतगमत मैदानाची फेरी काढली. समोरच्यांना ते झोंबलं. आज त्यांच्या पिचरने त्याच्या बरगडीत चेंडू घातला. मग आपणही त्यांचा एक टिपायचा. हे बेसबॉलच्या कुठल्याही नियमात नाही, पण या धंद्यात सगळ्यांना पाठ असतं. कमरेत मारायचा, नाहीतर मांडीवर. वर कधीच नाही! मार खाणाराही समजून असतो. शिव्या देत, चोळत पहिल्या बेसवर जातो आणि विषय संपतो.

स्किप, म्हणजे आमचा मॅनेजर, चकार शब्द बोलला नाही. बाकावरची पोरं मात्र माझ्याकडे बघत होती. संघातला सगळ्यात जुना कॅचर मी; बॅटरच्या मागे बसून पिचरला खुणा मीच करतो. त्यांचा सगळ्यात चांगला बॅटर बॉयकिन. तो आला, मी खाली बसलो आणि दोन्ही मांड्यांच्या मधे, आमच्या पिचरला, आन्हेलोला, दिसेल असा अंगठा झटकला. अंगठा म्हणजे — याला मार.

तो चेंडू माझ्या हातमोज्यात आलाच नाही.

नंतर कपडे बदलायच्या खोलीत कपाटापाशी आन्हेलो बसला होता. एकवीस वर्षांचं पोर, डॉमिनिकन रिपब्लिकहून आलेलं. इंग्रजी मोडकंतोडकं. मला व्हिएहो म्हणतो. म्हणजे म्हातारा. तेहेतिसाव्या वर्षी!

"निसटला, व्हिएहो. खरंच निसटला."

मी त्याच्या पाठीवर थाप मारली. "शाबास. कोणीही विचारलं तरी हेच सांगायचं."

त्याने माझा हात पाठीवरून बाजूला केला.

७ जून

डोळ्याखालचं हाड मोडलंय. त्या डोळ्याने दिसेल की नाही, डॉक्टर सांगत नाहीत.

८ जून

हॉस्पिटलमध्ये गेलो. जाताना डोनट घेतले. गाल फुटलेल्या माणसाला डोनट! कोणी पाहायच्या आत खोका परिचारिकांच्या टेबलावर ठेवून दिला.

बाहेर बॉयकिनची बायको उभी होती, रेलिन. मला वाटलं, ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "तू त्यांचा कॅचर ना? मग तुला माहीत असणार. एकच सांग. मुद्दाम होतं?"

"नाही हो. निसटला."

तिने केवढा मोठा श्वास सोडला! "तो सारखं तेच विचारतोय. म्हणतो, चुकून लागला असेल तर डोळा बरा झाला की परत बॅट घेऊन उभा राहीन. मुद्दाम असेल तर नाही. समोरून चेंडू टाकणाऱ्या हाताची खात्रीच राहणार नाही म्हणतो. बरं झालं तू आलास."

मी धडधडीत खोटं बोललो आणि तिने माझे आभार मानले.

९ जून

मॅकब्राइडने सगळ्यांसमोर आन्हेलोला बिअर देऊ केली. "माझ्यासाठी केलंस भावा!" पोराने बाटली हातात घेतली नाही. मॅकब्राइडला राग आला.

११ जून

आन्हेलो जेवत नाही. सरावात माझ्याशी बोलत नाही. बॅटरच्या अंगाजवळून आत टाकायचा चेंडू मागितला की मान हलवतो आणि लांबून, बाहेरच टाकतो. मागच्याच आठवड्यात वरच्या श्रेणीतल्या संघातून त्याच्याबद्दल विचारणा झाली होती. त्याच्या आईने फोनवर सगळ्या गल्लीला सांगून टाकलं होतं. आता वरचे लोक गप्प आहेत. लीगने चौकशी लावली आहे.

मी स्किपकडे गेलो. म्हटलं, खूण मी केली, सांगून टाकतो.

"काय सांगतोस?" तो तंबाखू थुंकत म्हणाला. "पोराने सांगितलं निसटला. तू सांग निसटला. आजवर प्रत्येकाने हेच सांगितलंय. माझ्या वेळीही निसटायचाच."

"त्याची काय चूक? त्याने माझं ऐकलं."

"हॅल, तोंड बंद ठेव आणि गुडघ्यांना बर्फ लाव."

बर्फ लावला. बॉयकिनचा तो फुटलेला चेहरा डोळ्यांसमोरून हलत नाही. मी त्याच्या इतका जवळ होतो! हात लांब केला असता तर त्याचा पाय लागला असता. आणि हा माणूस काय विचारतोय, तर मुद्दाम होतं का एवढंच. तेही त्याला खरं कळू नये?

१२ जून

सांगितलं!

लीगच्या माणसाचा फोन आला. मी म्हटलं, आन्हेलोने मुद्दाम मारला, पण माझ्या सांगण्यावरून. नव्या पिचरची कॅचरला नाही म्हणायची छाती होत नाही. काय शिक्षा द्यायची ती मला द्या. तो माणूस सगळं लिहून घेत होता. दोनदा विचारलं, "मुद्दाम? नक्की?" मी म्हटलं, नक्की.

तडक हॉस्पिटलमध्ये गेलो. बॉयकिनच्या डोळ्यावर पट्टी होती. त्यालाही सांगितलं. उशीर झाला, पण तुला खरं कळायला हवं, असं काहीतरी बोललो. तो भिंतीकडे वळला. "बरं. जा आता." रेलिन दारापर्यंतसुद्धा आली नाही.

तरी बाहेर पडल्यावर हलकं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा भूक लागली. दोन हॅम्बर्गर खाल्ले.

१४ जून

मी उरलेल्या हंगामापुरता बाहेर. ठीक. त्याचीच तयारी होती.

आन्हेलोला क्लबने काढून टाकलं. काढूनच! लीगने दुभाषी घेऊन त्यालाही विचारलं होतं. तो म्हणाला निसटला, मी म्हणालो मुद्दाम. म्हणजे डोकं फोडणारा तर ठरलाच, वर खोटारडाही. नोकरी गेली की इथे राहायची परवानगीही जाते.

मी स्किपच्या खोलीत जाऊन आरडाओरडा केला. त्याने ओरडू दिलं. मग म्हणाला, "खरं सांग हॅल, त्याला वाचवायला गेला होतास की स्वतःला?"

मी दार आपटून निघालो. बॉयकिनने एजंटला कळवलंय म्हणे, डोळा बरा झाला तरी खेळणार नाही.

१५ जून

आन्हेलोला बस स्टँडवर सोडलं. बॅग उतरवताना म्हटलं, "माफ कर पोरा. मी ती खूण करायला नको होती."

"खूण पाहिली मी, व्हिएहो. पण मारायचं नाही असं ठरवलं होतं. त्याच्या अंगापासून लांब, बाहेरच्या कडेला टाकत होतो. हात घामाने भिजला होता." त्याने बॅग खांद्याला लावली. "मारायचा असता तर कमरेत मारला असता. माझे चेंडू रोज तूच पकडतोस ना?"

रोज पकडतो. जिथे हातमोजा धरावा तिथे येतात.

बस गेली. लीगच्या माणसाला फोन करायला हवा. बॉयकिनकडे जायला हवं. जाऊन सांगू काय — निसटला होता?