बाईमाणूस गाडीत बसवत न्हाय

आण्णा, आम्ही एक जुना ट्रक घेतलाय. तुमचा नव्हे. तुमचा तुम्ही असतानाच भंगारात गेला आणि त्या दिवशी तुम्ही जेवला नव्हता. हा गडहिंग्लजकडचा, विटा वाहून दमलेला, पण तुमच्या गाडीच्याच तोंडवळ्याचा. इंजिनचं काम करून घेतलं, स्प्रिंगचे पाटे बदलले, टायर नवे घातले आणि मागचा हौदा काढून तिथं राहायची खोली बांधली. खोली म्हणजे लोखंडी चौकोनी पाइपचा सांगाडा, बाहेरून पत्रा, आतून प्लायवूड, मधे थर्माकोल. झोपायला दोन फळ्या खाली, दोन वर. एक ओटा, गॅसची शेगडी, खाली पाण्याची टाकी, टपावर सोलरच्या प्लेटा. एवढ्या जागेत चौघांनी वर्षभर राहायचं आणि कन्याकुमारीपासून लडाखपर्यंत जमेल तेवढा देश बघायचा, मी, तुमचे जावई, तुमची नात आणि आई. तुम्ही पहिला प्रश्न विचारला असता, 'आणि परसाकडंला कुठं जानार?' तर त्याचीही सोय केली आहे, काळजी नसावी.

मी पन्नाशीची झाले. पंचवीस वर्षं कॉलेजात भूगोल शिकवला. हिमालयाच्या रांगा फळ्यावर इतक्या वेळा काढल्या की डोळे मिटूनही काढता येतात, आणि स्वतः उत्तरेला पुण्याच्या पुढं गेले ती दोनदा, तेही पेपर तपासायला. गेल्या वर्षी नोकरी सोडली. नात आठवीत आहे, वर्षभर गाडीतच अभ्यास करीन म्हणते. कितपत करेल ते दिसतंच आहे. जावयांनी उद्यमनगरातलं वर्कशॉप भावाच्या हवाली केलं. सगळं जुळलं आणि आईवर येऊन अडलं. मी तुमची एकटीच. ती त्र्याहत्तर वर्षांची. तिला ठेवायला दुसरं घर नाही आणि वर्षभर एकटीला सोडून जाणं मला शक्य नाही. ती आली तर आम्ही जाणार, ती नाही आली तर ट्रक दारात उभा राहणार, इतकं सरळ होतं. आणि आई म्हणाली, 'मला नगं. तुमी जावा. त्यांनी कधी बसवलं न्हाय, आता म्हातारपणी कशाला बसू?'

तुमचा नियम. उचगावातल्या आपल्या गल्लीत तो लहान पोरालाही पाठ होता. दुसऱ्यांच्या ट्रकमधून अमावस्येला अख्खी गल्ली आदमापूरला देवाला जायची, बायका गाणी म्हणत उभ्या. आपली गाडी तशीच उभी. कोणी विचारलंच तर तुम्ही तंबाखू मळत म्हणायचात, 'धंद्याची गाडी हाय. बाईमाणूस गाडीत बसवत न्हाय मी.' खंडेनवमीला आई गाडीला हळदकुंकू लावते, हार घालते, चाकाखाली लिंबू ठेवते, नारळ फोडते आणि चार पावलं मागं येऊन उभी राहते. मी ते दरवर्षी बघते आणि दरवर्षी माझ्या मनात तुमच्याविषयी थोडं थोडं साठत जातं. पुढं मी ते वापरलंही. कॉलेजात महिला दिनाला भाषण केलं, 'ज्या गाडीची पूजा माझी आई करायची, त्या गाडीत तिला जागा नव्हती.' टाळ्या पडल्या. पुढच्या वर्षी दुसऱ्या कॉलेजात बोलावलं, तिथंही तेच सांगितलं.

आणि माझी दहावीची परीक्षा झाली ते दिवस. तुम्ही गूळ भरून रत्नागिरीला निघाला होता. मला समुद्र बघायचा होता. मी पिशवी भरून दाराआड ठेवली होती. तुम्ही चुलीपुढं पाटावर जेवताय, आई भाकरी थापतेय, मी उंबऱ्यात उभी राहून विचारते. तुम्ही वर न बघता तेच वाक्य म्हणालात. मी म्हणाले, 'मुलगा असते तर नेलं असतं न्हवं?' तुम्ही तांब्या खाली ठेवलात. 'तोंड लई चालाय लागलंय तुझं.' आईनं भाकरी उलटली, ती करपली, आणि आमच्या घरात भाकरी करपत नसे. येताना तुम्ही फणसपोळी आणलीत. मी ती खाल्ली नाही. म्हणजे दोन दिवस खाल्ली नाही.

तर आता ट्रकचं सांगते. खोली चासीवर, म्हणजे ट्रकच्या खालच्या सांगाड्यावर, बसवायचं काम तुमच्या जावयांनी स्वतः केलं आणि घोळ तिथंच झाला. आयुष्यभर लेथवर काढलेला माणूस. केसाएवढा फरक त्याला खपत नाही, हललेलं तर मुळीच खपत नाही. त्यांनी चारी बाजूंनी जाड पट्ट्या लावल्या, बोल्ट असे आवळले की खोली आणि चासी एकजीव झाली. मला हाक मारून म्हणाले, 'धक्का देऊन बघ, केसभर हलते का?' मी धक्का दिला. हलली नाही. आम्ही दोघंही खूश. उद्यमनगरचा माणूसच अशी चूक करू शकतो, आणि कौतुक करायला भूगोलाची मास्तरीणच लागते.

मग चाचणी म्हणून बिद्रीपर्यंत जाऊन यायचं ठरलं. मी आईला म्हणाले, 'आण्णांचा नियम आण्णांबरोबर गेला. चल, बिद्रीपर्यंत फक्त. बघ तरी लेकीनं काय बांधलंय.' तिनं दोनदा नको म्हटलं. तिसऱ्यांदा मी आवाज चढवला, 'ते जाऊन बारा वर्षं झाली, अजून त्यांनाच भितेस व्हय?' ती माझ्याकडं बघत राहिली आणि पदर खोचून चढली. म्हणाली, 'मी मागंच बसते, एकटी.' मला वाटलं खोली आवडली. नात पुढं आमच्यात बसली, मी गाडी काढली. गाडी मीच चालवते, ट्रकचं लायसन्सही मीच काढलं.

कळंबा सोडल्यावर पुढं एका ठिकाणी रस्ता खोदलेला. समोरून उसाचा ट्रॅक्टर आला, मागं दोन ट्रॉल्या. मी वाट द्यायला गाडी खाली घेतली. पुढचं एक चाक चरात, मागचं दुसऱ्या बाजूचं ढिगावर. मागून कडकड असा आवाज आला. उतरून बघितलं तर दाराच्या वरचं प्लायवूड फाटलेलं आणि दार घट्ट बसलेलं. जावई ओढतायत, मी ओढतेय, दार ढिम्म. आतून आई, 'उघडा की! अगं उघडा!' आणि मग बोलणं थांबलं आणि ओकाऱ्यांचा आवाज यायला लागला. नात खिडकीशी चढून 'आजी, आजी' करत होती. जावई पहार आणायला धावले. मी त्या पत्र्यावर दोन्ही हातांनी बुक्क्या मारत होते. खरं सांगायचं तर मी घाबरले होते, आण्णा. एवढं मी तुम्ही गेलात तेव्हाही घाबरले नव्हते.

ट्रॅक्टरवाला तोवर उतरून आला. कंबरेवर हात ठेवून त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली. म्हणाला, 'पावणं, पहार ठेवा तकडं. गाडी आदी सपाटीला घ्या. दार आपसूक निघतंय.' मी गाडी वर घेतली. दार एका बोटानं उघडलं. मग त्यानं जावयांना खाली वाकून दाखवलं, 'चासी पीळ खाती न्हवं का? तिला खोली अशी करकचून बांधलीसा, मग खोलीबी पीळ खानारच की. मदी लाकूड घाला, मागच्या अंगाला स्प्रिंगा द्या, जरा हलाय ठेवा. लई घट्ट बरं नसतंय.' लेथवरचा माणूस मान हलवत ऐकत होता. एरवी मला हसू आलं असतं.

आई खाली उतरून बांधावर बसली. चूळ भरली, तोंड पुसलं. मी म्हणाले, 'चुकलं माझं. दाराचं कळलंच नाही.' ती म्हणाली, 'दाराचं सोड. दार नसतं अडलं तरी मी वकलेच असते. मला गाडी लागती.' मी विचारलं, 'कधीपासनं?' म्हणाली, 'पयल्यापासनं.' आणि तिथं उसाच्या कडेला तिनं मला सांगितलं. लग्नाला पंधरा दिवस झालेले. तुम्ही तिला तिच्या माहेरी कागलला ट्रकमधून घेऊन निघालात. सीटला नवं कव्हर घातलेलं, गल्ली निरोपाला जमलेली, केबिनमध्ये क्लीनरही होता. कागल यायच्या आत ती सीटवर, तुमच्या नव्या पॅन्टवर, सगळीकडं ओकली. माहेरच्या दारात तशीच उतरली. क्लीनरनं गल्लीत सांगितलं आणि नळावर बायका हसायला लागल्या, 'ड्रायव्हरची बायकू आन् तिलाच गाडी लागती!' आईनं पाण्याला जायचं सोडलं. मग एक दिवस तुम्ही पारावर सगळ्यांत मोठ्यानं म्हणालात की मी गाडीत बाईमाणूस बसवत न्हाय. 'मग लोकं त्यास्नीच बोलाय लागली,' आई म्हणाली, 'खडूस हाय, बायकुला कोंडतोय म्हनाली. माझं मागं पडलं.'

मी म्हणाले, 'आणि मला? मला रत्नागिरीला का नाही नेलं?' ती म्हणाली, 'तुला नेलं असतं तर गल्ली म्हनली असती, मग बायकुलाच का न्हाय?' मग म्हणाली, 'त्या दिवशी मीच बोलाय पायजे होतं. माझ्यानं बोलवलं न्हाय.'

हे कळल्यावर मला भरून वगैरे आलं नाही. मला आधी ती दोन भाषणं आठवली आणि कान गरम झाले. मग तुमचा रागच आला. बायकोची लाज झाकायला तुम्ही स्वतःला वाईट म्हणवून घेतलंत, चाळीस वर्षं, हे मोठंच. पण त्यात माझा समुद्रही गेला आणि तो घालवताना मला कुणी विचारलं नाही. घरातल्या घरात मला तरी सांगायचं होतं, मी काय नळावर जाऊन सांगणार होते? मोठेपणा बाहेर आणि झळ घरात, असं झालं ते. तुम्ही चांगले होता हे आता मान्य आहे. राग अजून पुरता गेला नाही, हेही खरं आहे.

घरी आल्यावर आई म्हणाली, 'मला हितंच ऱ्हाऊ द्या.' मी वाद घातला नाही. जावयांना सांगितलं, गाडी विकून टाकू. ते बरं म्हणाले, पण दुसऱ्या दिवशी सकाळी वर्कशॉपमधून लाकडाच्या फळ्या घेऊन आले आणि बोल्ट सोडायला लागले. पुढं लाकूड, मागं स्प्रिंगा. मी म्हणाले, विकायचीय ना? तर म्हणाले, विकायची तरी नीट करून विकू.

आणि आईनं काय केलं माहीत आहे? तिसऱ्या दिवशी पोळ्या झाल्यावर तिनं मेथीची जुडी घेतली आणि दारात उभ्या असलेल्या ट्रकच्या केबिनमध्ये जाऊन निवडत बसली. नुसती उभी गाडी. दोन दिवस असं केल्यावर म्हणाली, 'चालू कर जरा.' चालू केली. मग गल्लीच्या तोंडापर्यंत. मग उचगावच्या कमानीपर्यंत. पुढच्या सीटवर, खिडकी उघडी, तोंडात आवळासुपारी, मांडीवर पिशवी, नजर लांब रस्त्यावर. म्हणाली, 'त्यांनी तवाबी सांगितलं होतं, लांब बघ म्हनून. मी लाजंनं खाली पायाकडं बघत बसलेली.' रोज थोडं पुढं. हायवेला पहिल्यांदा लागली, गाडी थांबवली, चूळ भरली, म्हणाली, 'चल, थांबू नगंस.' त्र्याहत्तराव्या वर्षी कोण असं करतं, आण्णा? मी गाडी चालवताना तिच्याकडं बघत नव्हते, कारण बघितलं असतं तर रडले असते.

गेल्या बुधवारी आम्ही कागलला जाऊन आलो, काही झालं नाही. गल्लीत गाडी थांबली तशी आई उतरली, समोर भाजीवाली होती, चार-पाच बायका होत्या. आई तिथूनच ओरडली, 'अगं, मला गाडी लागायची! नवी नवरी असताना वकले होते गाडीत! आता न्हाय लागत, कागलला जाऊन आलो!' बायका हसल्या. एकीनं विचारलं, 'म्हंजे मालक बसवत न्हवते ते?' आई म्हणाली, 'ते माझ्यापायी. त्यांचं काय नव्हतं.' आणि वांगी निवडायला लागली. सोमवारी सकाळी निघायचं ठरलं आहे. ती पुढं बसणार.

आता एक सांगते, ते जावयांनाही माहीत नाही. मलाही गाडी लागते. एसटीत लागते, दुसऱ्याच्या कारमध्ये लागते, सहलीच्या बसमध्ये मी पोरांना शिस्त लावायच्या नावाखाली दाराशी उभी असायची ती त्याचसाठी. चालवणाऱ्याला लागत नाही हे मला तिशीत कळलं आणि तेव्हापासून मी स्टिअरिंग कुणाला दिलं नाही. लोक म्हणतात बाईला काय हौस आहे. तुम्ही मला त्या दिवशी नेलं असतंत तर आंबा घाटाच्या दुसऱ्या वळणाला मी तुमच्या गाडीत आईसारखीच ओकले असते, आणि क्लीनर शेजारी बसलेला असता. मलाही लागते हे तुम्हाला तेव्हा ठाऊक होतं का, एवढंच विचारायचं होतं. आईनं भर गल्लीत ओरडून सांगितलं. मला तुम्हाला सांगायला चार पानं लागली, आणि तुम्ही नाही म्हणून तरी जमलं.