मुग्धाची अक्कलदाढ

मंगळवार, संध्याकाळ

आज माझ्या धाकट्या जावेची, मुग्धाची, अक्कलदाढ काढली. आडवी वाढून शेजारच्या दाढेत घुसत होती. भावजींनी रजा टाकली. सासूबाईंनी स्वतः मऊ भात केला, फक्त भरवायचंच काय ते बाकी ठेवलं. आणि आइस्क्रीमचा मोठा डबा, त्याला कोणी हात लावायचा नाही!

गेल्या वर्षी माझी दाढ मुळापर्यंत चिरली होती, वाचण्यासारखी नव्हतीच. भूल देऊन दहा मिनिटांत काढली. कापसाचा बोळा अर्धा तास दाबून धरा, आज गरम नको, चूळ नको, आइस्क्रीम खा, हे डॉक्टरांनी मलाही सांगितलं होतं की. मी बोळा धरून सदाशिव पेठेतून चालत घरी आले आणि पोळ्या लाटल्या. आइस्क्रीम कोणाला सुचलं नाही. मी तरी कुठे मागितलं?

मघाशी चहा घेताना मी म्हणाले, "माझीही डावीकडची दाढ ठणकतेय." साफ खोटं. काहीही दुखत नाहीये. पण ह्यांनी लगेच डॉक्टरांना फोन लावून उद्या अकराची वेळ घेतली. मला इतकं बरं वाटलं! समोर मुग्धाच्या वाटीत आइस्क्रीम विरघळत होतं, तिला म्हणे नको झालंय.

फोन ठेवून ह्यांनी विचारलं, "एकटी जाशील ना?"