मागावर कॉलरपर्यंत आलेला माणूस

मी, शर्टांच्या कारखान्यात निवृत्त होईपर्यंत फक्त कॉलरी शिवणारी आणि म्हणून 'कॉलरवाली' याच नावाने ओळखली जाणारी बाई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही, भीतीचं सोडून. उद्या सकाळी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणतात, रोजचंच काम आहे. त्यांचं रोजचं असेल, माझं पहिलंच आहे. टाके तेच घालणार, आणि त्यांचे टाके मला कोणी आधी दाखवलेले नाहीत.

कलम एक. राहत्या दोन खोल्या मुलाला द्याव्यात. पुढच्या खोलीतली खिडकी बुजवून तिथे कपाट करायचं त्याच्या फार दिवसांपासून मनात आहे. मी होऊ दिलं नाही, कारण माझ्या विणायच्या मागावर उजेड तिथूनच येतो. आता कर बाबा, घर तुझंच आहे. पण लगेच गवंड्याला बोलावू नकोस.

कलम दोन. बँकेतली शिल्लक सुनेच्या एकटीच्या नावे व्हावी. मी माग विकत आणला तेव्हा मुलगा म्हणाला, "आई, वय काय तुझं? हे काय नवीन खूळ?" सुनेने पलंग सरकवून जागा करून दिली.

कलम तीन. माग आणि उरलेली सगळी रंगीत लोकर मला विणकाम शिकवणाऱ्या मुलीला मिळावी. ती माझ्या मुलाहून लहान. पहिल्या दिवशी तिने विचारलं, "आजी, नातवंडांसाठी शाल का?" मी म्हटलं, "नाही गं, भिंतीसाठी." त्यानंतर तिने मला आजी म्हटलं नाही.

कलम चार. प्रदर्शनात माझ्या विणकामासमोर उभं राहून, चार माणसांदेखत, "हे पायपुसणं केवढ्याला?" असं विचारणाऱ्या धाकट्या जाऊबाईंना एक पायपुसणं द्यावं. मी ते खास विणून ठेवलं आहे. रंग तिच्या आवडीचे आहेत आणि वीण पक्की आहे. राग आहे म्हणून काम कच्चं करणाऱ्यांतली मी नाही.

कलम पाच. दोन्ही साक्षीदारांना काहीही मिळणार नाही. साक्षीदाराला वारसा चालत नाही, असं वकिलाच्या कारकुनाने सांगितलं. चहा चालतो.

कलम सहा. मागावर अर्धवट असलेलं विणकाम. ह्यांचं, म्हणजे माझ्या दिवंगत पतींचं चित्र मी पायांपासून वर विणत आणलं आहे. चपला झाल्या, धोतर झालं, सदरा झाला, कॉलर तर उत्तमच झाली. तिथे येऊन मी थांबले. आज लोकर नाही, उद्या उजेड नाही, परवा गुडघा दुखतो. नाचता येईना अंगण वाकडं. आयुष्यभर कॉलरच्या वर काय असतं ते माझं काम नव्हतं, असंही मी सांगून पाहिलं.

खरं कारण इथे लिहिते. ह्यांच्या हनुवटीवर लहानपणी पडल्याचा व्रण होता. तो कोणत्या बाजूला, ते मला आठवेना. फोटो आहे, पण स्टुडिओवाल्याने व्रणावर पावडर फासली होती. ज्या माणसाशेजारी उभा जन्म झोपले, त्याचा चेहरा माझ्या हातून निसटतोय, याने माझी पाचावर धारण बसली आहे. उद्याच्या ऑपरेशनपेक्षा जास्त.

म्हणून असं ठरवलं होतं: मी परत आले नाही तर सुनेने मागाचे उभे धागे कापून कापड उतरवावं. एकदा कापलं की पुढे विणता येत नाही. ह्यांना बिनडोक्याचंच राहू द्यावं.

इथवर लिहून झालं आणि सहीसाठी साक्षीदार आले. त्यांपैकी ह्यांची दाढी करणाऱ्या न्हावीदादांना मी धीर करून विचारलं.

"उजव्या बाजूला, वहिनी," ते ताबडतोब म्हणाले. "वस्तरा तिथं हळू घ्यावा लागायचा. माझ्या डाव्या हाताला यायचा तो."

"पण ही विणते कापडाच्या मागच्या बाजूने, चित्राचं तोंड पलीकडं," कारखान्यात शेजारच्या मशीनवर बाह्या शिवणारी माझी मैत्रीण, दुसरी साक्षीदार, म्हणाली. "मग हिने कुठं घालायचा? डावीकडं का उजवीकडं?"

तिघंही आपापली हनुवटी चाचपत राहिलो. शेवटी मी मागावर बसले तेव्हा उमगलं. कापडाच्या मागे बसलं की मी ह्यांच्या पाठीमागे असते. ह्यांची उजवी बाजू ती माझीच उजवी बाजू.

साक्षीदारांना चहा देऊन बसवलं आणि हनुवटी विणली. व्रणासकट.

सबब कलम सहामध्ये दुरुस्ती. कापड कोणीही कापू नये. ओठांसाठी घेतलेला लाल धागा लोंबता ठेवला आहे, तो कचरा समजून कोणी आवरू नये. मला अजूनही भीती वाटते, सही वाकडी आली तर ती माझीच समजावी. परत येण्याची हमी मृत्युपत्रात देता येत नाही, हे मला माहीत आहे. तरी ह्यांना सांगा, विणत तोंडापर्यंत आलेय, थोडं थांबा.

सही: कॉलरवाली

साक्षीदार: १. न्हावी (व्रण उजवीकडेच होता. खात्रीने.)
२. बाह्यावाली

स्थळ: पुढची खोली, खिडकीपाशी
दिनांक: ऑपरेशनचा आदला दिवस, उजेड असताना