ओळखीशिवाय घेतलेले हेडफोन

सोमवार, ६ जानेवारी

ऑडिओबुकचं प्रकरण तीन परत आलं. मी त्यावर 'ठीक' लिहिलं होतं.

स्टुडिओच्या सामंत मॅडमनी ते स्वतःच्या हेडफोनवर लावलं आणि अकरा ठिकाणी थांबवलं. पुस्तक वाचणारे देसाई सर ओठ उघडतात तेव्हा बारीक 'टच्' येतो, थुंकीचा. अकराच्या अकरा माझ्या कानांतून निसटले. आणि माझं काम तेवढंच आहे. पुस्तक समोर धरायचं, ध्वनिमुद्रण ऐकायचं, चुकेल तिथली वेळ लिहायची.

मॅडम ओरडल्या नाहीत. विचारलं, "कान कमी आहेत की इअरफोन?"

पप्पांच्या जुन्या फोनबरोबर आलेले आहेत म्हटलं.

"मग बदल. पंचवीसला तुझा महिना भरतो. ठेवायचं की नाही ते तेव्हा बघू."

दादरहून लालबागपर्यंत चालत आले. इअरफोन कमी असतील तर ठीक. कान कमी असतील तर? चाळीत वाढलेले कान आहेत. शेजारच्या टीव्हीच्या वरताण बोलायची सवय आम्हाला. बारीक आवाज ऐकायची वेळ कधी आली होती?

मंगळवार, ७ जानेवारी

नेटवर 'नवशिक्यांसाठी उत्तम हेडफोन' अशा सहा याद्या वाचल्या. सहाही जणांचा पहिला नंबर वेगळा. प्रत्येकाच्या खाली बारीक अक्षरात एक ओळ: इथून खरेदी केलीत तर आम्हाला काही टक्के मिळतात. तरी बरं, लिहितात तरी.

एका व्हिडिओतला मुलगा खोका उघडताना इतका खूश होता की त्याने ते कधी कानाला लावले, मला कळलंच नाही. पुन्हा पाहिला. लावलेच नव्हते.

बुधवार, ८ जानेवारी

हेडफोनवाल्यांच्या एका ग्रुपमध्ये प्रश्न टाकला. मला यातलं काही कळत नाही, असं सरळ लिहिलं. दुपारपर्यंत सतरा उत्तरं. उबदार आवाज, काळोखा आवाज, आवाजाचं मैदान मोठं. एकाने लिहिलं, एवढ्या बजेटमध्ये ऐकण्यापेक्षा न ऐकलेलं बरं. त्याला बारा जणांनी अंगठे दिले.

मी विचारलं, उबदार म्हणजे नेमकं काय? उत्तर आलं, "ऐकलं की कळेल, ताई."

ऐकायला काय वापरू, तेच तर विचारत होते.

गुरुवार, ९ जानेवारी

घरी सांगावं लागलं. आई भाकरी थापताना म्हणाली, "काय गो, एवढा शिकलंस आणि कानात काय घालूचा ता कळना नाय?"

घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली. त्यामुळे रेशनचा फॉर्म मी, विम्याचं पत्र मी, मामाच्या गोळ्यांच्या पाकिटावरचं इंग्रजी मी. मला माहीत नाही, हे वाक्य आमच्या घरात माझ्या तोंडी शोभत नाही.

आईने लगेच संतोषदादाला फोन लावला. संतोषदादा म्हणजे मावशीचा मुलगा, काळाचौकीला राहतो, साऊंड भाड्याने देतो. तिकडच्या मंडळांचे स्पीकर त्याचेच. मी पुढे काही बोलायच्या आत ठरलं. आमच्याकडे मिक्सर, पंखा, माझं बारावीनंतरचं अ‍ॅडमिशन, सगळं ओळखीच्या माणसाकडून झालेलं आहे. दुकानात जाऊन अनोळखी माणसाला भाव विचारणं म्हणजे फसायला जाणं.

शनिवार, ११ जानेवारी

दादा स्वतः घेऊन आला. काळे, जाड, कानाभोवती गाद्या. "डोळे झाकून घे. आपला माणूस आहे तिथे, ओरिजनल दिलाय." चहा पिताना त्याने एक गाणं लावून दाखवलं. छातीत धम्म झालं. खरंच छान वाटलं. आईच्याही कानाला लावले, ती हसायला लागली.

म्हटलं, संपला प्रश्न. सहा याद्या आणि सतरा उत्तरं वाचायची गरजच नव्हती.

सोमवार, १३ जानेवारी

संपला नव्हता.

शनिवारी संध्याकाळी नव्या हेडफोनवर प्रकरण चार ऐकलं होतं. चौदा ठिकाणी 'खाली घूं असा आवाज' लिहिलं आणि पाठवलं. आज सकाळी मॅडमनी देसाई सरांना बोलावून तो सगळा भाग पुन्हा वाचून घेतला. सर साठीच्या पुढचे, गळ्याला मफलर, दोनदा गरम पाणी मागितलं. मग फिलोने जुनं आणि नवं शेजारी शेजारी लावलं. फिलो आमची साऊंड एडिटर, खोताच्या वाडीतली. तिला घूं कुठेच सापडेना.

"हा तर सरांचा आवाज आहे ग. खर्जातला. तू त्यांच्या गळ्यालाच चूक म्हणालीस."

सरांनी मफलर नीट केला. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

जेवणाच्या सुट्टीत फिलोने दादाचे हेडफोन लावून पाहिले आणि दोन मिनिटांत काढले. "तू ऐकतेस काय? गाणी की माणसं?"

माणसं.

"मग एवढा बेस कशाला? हा खालचं फुगवतो आणि वरचं बारीक झाकून टाकतो. नाचायला मस्त आहे."

मी विचारलं, मग कुठले घेऊ? ती म्हणाली, "ते मला माहीत नाही. माझे मला सवयीचे झालेत, म्हणून मला चांगलेच वाटणार. तुझं तू ऐक."

आठ दिवसांत 'माहीत नाही' म्हणणारी ही पहिली. तिच्याइतका विश्वास अजून कोणावर बसला नाही.

तिने तिचे लावून प्रकरण तीन ऐकवलं. वेळांचा कागद उलटा ठेवला होता. माझे मी नऊ 'टच्' काढले. नंतर तिने उरलेले दोन दाखवले, तेही ऐकू आले.

म्हणजे कान आहेत.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. मावशीकडे जायचंच होतं. एका हातात तिळगुळाचा डबा, दुसऱ्या हातात हेडफोनचा खोका. आई जिन्यातच थांबली. "आज नको. गोड बोलायच्या दिवशी वस्तू परत करतात?" उद्या नेला असता तर उद्याचं काहीतरी निघालं असतं. गेले.

दादाने खोका पाहिला आणि आधी हसला. "काय झालं, वाजत नाही?"

म्हटलं, जास्त वाजतो.

"माझ्या बेसवर अख्खी गल्ली नाचते, आणि तुला नको?"

"गल्लीला नाचू दे, दादा. मला एक माणूस वाचतोय ते ऐकायचंय."

मावशी म्हणाली, ठेव ग, वापरशील कधीतरी. मी खोका टेबलावर ठेवला. मग दादा खालच्या आवाजात बोलला. "त्या दुकानवाल्याला काय सांगू मी?"

"सांग, कामाला आले नाहीत."

"असं नाही सांगता येत ग. गणपतीत मला त्याच्याकडूनच माल लागतो."

तेव्हा कळलं. दादाने मला फसवलं नव्हतं. दादाला त्या माणसाविरुद्ध बोलताच येत नव्हतं. आणि मलाही दादाविरुद्ध बोलता येऊ नये, असंच सगळ्यांना वाटत होतं. ओळखीने आणलेली वस्तू वाईट निघतच नाही, कारण वाईट आहे असं म्हणायचं कोणाला, हा प्रश्न असतो.

तिळगूळ सगळ्यांना दिला. दादाने घेतला, खाल्ला नाही, मुठीत ठेवला.

बुधवार, १५ जानेवारी

आई माझ्याशी पप्पांमार्फत बोलतेय. "तिला सांगा, डबा भरलाय."

पप्पा म्हणाले, "भरलाय." आणि पेपरात गेले.

रडू आलं होतं, थोडं. पण खोका परत आणायचा विचार आला नाही. तपासून पाहिलं, खरंच नाही आला.

शनिवार, १८ जानेवारी

परळच्या दुकानात खोका उघडून दाखवत नाहीत. "आधी घ्या, मग ऐका." निघाले.

गिरगावात फिलोने सांगितलेल्या दुकानात ऐकू देतात. सोबत न्यायला कोणी नव्हतं. फोनमध्ये प्रकरण तीन, पर्समध्ये अकरा वेळांचा कागद, तीन प्रती. मॅडमना विचारून नेलं होतं, परवानगीचा मेसेज जपून ठेवला होता, कोणी विचारलं तर दाखवायला. कोणी विचारणार नव्हतं.

सेल्समनने त्याचं धडधडीत गाणं लावलं. म्हटलं, माझं लावते. त्याने एक कान लावून ऐकलं. "मॅडम, हे तर कोणीतरी वाचतंय."

"हो."

"पूर्ण ऐकणार?"

"तीनदा."

स्टूल दिलं बिचाऱ्याने. मागे एक काका ब्लूटूथ बदलून घ्यायला उभे होते, त्यांचे उसासे मोजता आले असते. नेहमीची मी असते तर पहिल्यावरच 'छान आहे' म्हणून पैसे देऊन पळाले असते. पेन्सिलने खुणा करत बसले. पहिल्या जोडीत अकरापैकी चार. दुसरी दिसायला देखणी, सहा. तिसरी वायरची, करड्या रंगाची, शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये असते तशी. दहा.

"हे आम्ही कॉल सेंटरवाल्यांना देतो," सेल्समन म्हणाला. "तुम्हाला त्यापेक्षा चांगले दाखवतो."

"चांगले म्हणजे?"

तो म्हणाला, "महाग." आणि स्वतःच हसला.

करडे घेतले. बिल माझ्या नावावर. या दुकानात आमच्या घरातलं कोणी कोणाला ओळखत नाही. फसले असेन तर मीच फसले असेन, दुसऱ्या कोणाचं तोंड चुकवायचं नाही.

मंगळवार, २१ जानेवारी

प्रकरण पाच, सहा. टच् सात, एक शब्द गाळलेला, एके ठिकाणी पानाची सळसळ. फिलोने सगळं तपासलं. सगळं होतं.

देसाई सरांना जिन्यात गाठून चौदा घूंबद्दल माफी मागितली. म्हणाले, "माझ्या आवाजाला लोक खर्जाचा म्हणतात. मशीनचा म्हणणारी तू पहिली." पुढे दोन पायऱ्या उतरून वळले. "पाणी प्यायलो म्हणून दुसऱ्यांदा बरा आला."

आईने आज हेडफोन उचलून पाहिले. "ह्येच्यात बघण्यासारखा काय आसा?" काही नाही म्हटलं. म्हणजे बोलली. थेट.

संतोषदादाला मेसेज केला होता. दोन निळ्या खुणा. उत्तर नाही.

शनिवार, २५ जानेवारी

आजच महिना भरला.

सकाळी मॅडमनी प्रकरण एक दिलं. त्यांनी स्वतः तपासून मंजूर केलेलं, बहुतेक माझी परीक्षा म्हणून. नऊ मिनिटं वीस सेकंदांवर जोड आहे. दोन वाक्यं वेगवेगळ्या दिवशी वाचलेली, मधला श्वास अर्धाच. पुस्तकात तिथे आणखी एक ओळ आहे. ती कापली गेलीय. सहा वेळा ऐकलं. वायर काढून पुन्हा लावून ऐकलं. मग फिलोच्या हेडफोनवर, तिला न सांगता. आहे.

आमच्या तक्त्यात दोन रकाने आहेत, 'शंका' आणि 'चूक'. मी आतापर्यंत सगळं 'शंका'मध्ये लिहीत आले, ज्याची खात्री होती तेसुद्धा. हे 'चूक'मध्ये लिहिलं.

मॅडमनी वाचलं. "हे मी ऐकलंय. मला नाही सापडलं."

"ओळ पुस्तकात आहे, मॅडम. आवाजात नाही."

"कशावर ऐकलंस?" करडे दाखवले. त्यांनी उलटसुलट करून पाहिले. "ह्यावर?" मग, "शंकेत टाक. मी बघते."

तक्ता त्यांच्याकडे सरकवला. म्हटलं, "शंका नाहीये मॅडम. तुम्ही ऐका, आणि चुकीचं असेल तर तुम्ही खोडा. मी नाही खोडणार."

त्यांनी स्वतःचे हेडफोन कानाला लावले, फाईल उघडली, आणि हाताने मला बाहेर जायला सांगितलं. काचेतून पाठ दिसत होती. एकदा मागे नेऊन ऐकलं. परत नेलं.

सहा वाजता फिलो निघाली, तेव्हाही त्या आतच होत्या. मॅडमचा निरोप आला, सोमवारी ये, बोलू. कामावर ये की बोलायला ये, ते विचारायचं राहिलं.