पडीक लिहिलेला घाट

प्रिय सर,

परवा विद्यापीठात तुमची शोकसभा झाली. सगळे तुमच्याबद्दल इतकं चांगलं बोलले, की मला रागच आला! सरकारचे सल्लागार असताना तुमच्या हातून एकही चूक झाली नाही म्हणे. तुम्ही तिथे असता तर हात वर करून हरकत घेतली असतीत. मला बोलायला उभं केलं, तर दोनच वाक्यं बोलून खाली बसले. म्हणून आता लिहितेय.

एम.ए.चा पहिला तास आठवतो? आल्या आल्या फळा पुसलात आणि म्हणालात, "आधी माझी चूक ऐका." मंत्रालयात कारखान्यांसाठी जमिनी सुचवायचं काम तुमच्याकडे होतं. चाकणच्या बाजूच्या एका गावात तुम्ही एक उघडाबोडका उतार पाहिलात. पेरणी नाही, झाड नाही. शेरा मारलात, 'पडीक'. तो होता बैलगाड्या पळवायचा घाट, गावाच्या जत्रेचा जीव! तुम्हाला हे कळेपर्यंत तिथे कंपनीची भिंत उभी राहिली होती. "म्हणून नोकरी सोडून शिकवायला आलो," तुम्ही म्हणालात. "तुम्ही तरी विचारून लिहा."

वर्ग हसला. मला हसू आलं नाही, कारण ते गाव माझं होतं.

घरी सांगितलं आणि आबांचा पारा चढला. आमच्या खिल्लार जोडीने त्या घाटात काय नाव काढलं होतं! "आमचा घाट ज्यानं गिळला, त्याच्या हाताखाली शिकणार व्हय तू? उद्यापासनं कालेज बंद!" आई मध्ये पडली, तर तिलाही गप्प बसवलं. मी रडत तुमच्याकडे आले ते निरोप घ्यायला. तुम्ही एवढंच विचारलंत, "वडील घरी कधी भेटतील?"

एस.टी.ने आलात. घट्ट पँटमध्ये मांडी घालता येईना, तरी घोंगडीवरच बसलात. काय ते हाल! "चूक माझी आहे, शिक्षा पोरीला का?" असं तुम्ही म्हणालात, तर आबा तुमच्याकडे न बघता बोलले, "मला एकट्याला कशाला सांगता? जत्रंला या. समद्या गावाम्होरं बोला."

तुम्ही याल असं कुणालाच वाटलं नव्हतं, खरं सांगायचं तर मलाही. आलात. देवळापुढच्या पारावर माईक धरून "औद्योगिकीकरणाच्या प्रक्रियेत" असं काहीतरी सुरू केलंत. अहो सर, जत्रेत कुणी असं बोलतं का? खालून धोंडाकाकू ओरडल्या, "सायेब, मराठीत सांगा की!" सगळं गाव हसलं. तुम्हीही हसलात आणि मग म्हणालात, "मी चुकलो. कुणाला न विचारता तुमचा घाट पडीक लिहिला."

"मंग आता परत मिळंल का?" काकूंनी विचारलं.

'बघतो' म्हणून सुटणं किती सोपं होतं! तुम्ही म्हणालात, "नाही मिळणार."

आता शिक्षणही गेलं आणि सरांची अब्रूही, असंच मला वाटलं. काही जण उठून निघून गेले. त्यांनी तुम्हाला कधीच माफ केलं नाही. पण आबा पारावर चढले. "आजवर आलेला परत्येक सायेब 'बघतो' म्हणून गेला. तोंडावर न्हाई म्हणणारा ह्यो पयलाच हाय." मग तुमच्याकडे वळून म्हणाले, "पोरीला शिकवा."

त्या दिवशी मला तुमचा जो अभिमान वाटला, तो तुम्हाला सांगायचा राहूनच गेला. आणि तुम्ही तरी काय केलंत? छातीत दुखतं हे शेवटपर्यंत आम्हाला कळू दिलं नाहीत. चूक चारचौघांत सांगायला पुढे आणि दुखणं मात्र लपवायचं! हे काही बरं केलं नाहीत, सर.

जूनपासून तुमचा तास मला दिलाय. विभागप्रमुख काल म्हणाले, "ती घाटाची गोष्ट आता नको. गेलेल्या माणसाचं चांगलं तेवढंच सांगावं."

पण तुम्हाला शब्द देते, पहिल्या तासाला तीच सांगेन. तुमच्याबद्दल त्याहून चांगलं मला काही माहीत नाही.

तुमचीच विद्यार्थिनी,
शालन