समुद्राची फाईल

३ डिसेंबर
आज निर्णय घेतला. म्हणजे विषय बायकोने काढला, कन्येने उचलून धरला आणि निर्णय मी घेतला. जानेवारीत चार दिवस समुद्रावर, उबदार ठिकाणी. इथे सकाळी नळाचं पाणी हाताला चावतं. बायकोच्या पायाची बोटं सुजून लाल होतात. आणि एक फेब्रुवारीला कन्या नोकरीसाठी दूर जाणार. त्यानंतर तिघं एकत्र कधी, कोण सांगणार?

बायकोने समुद्र पाहिलेला नाही. लग्न झाल्यावर दाखवतो म्हणालो होतो, त्याला सव्वीस वर्षं झाली. घाई करणं माझ्या स्वभावातच नाही.

कन्या म्हणाली, बाबा, मी फोनवर दहा मिनिटांत बुक करते. तिला समजावलं की दहा मिनिटांत चहा होतो, सहल होत नाही. सूत्रं माझ्याकडे घेतली.

४ डिसेंबर
फाईल आणली. निळी. आत तीन कप्पे: राहणे, जाणे, संकीर्ण. संकीर्णमध्ये तूर्त फाईलचं बिल.

९ डिसेंबर
हॉटेलांचा अभ्यास चालू. आजवर एकशे चाळीस लोकांचे अभिप्राय वाचले. एका हॉटेलबद्दल सगळे खूश, पण एकाला उशीवर मुंगी दिसली. बाद. दुसऱ्यात मुंगी नाही, पण खिडकीतून समुद्र "थोडा" दिसतो. थोडा म्हणजे किती? विचारणा पाठवली. उत्तर आलं: वाकल्यास दिसतो. बाद.

बायकोने विचारलं, ठरलं का? म्हटलं, चाळणी लावतोय. ती म्हणाली, लावा, पण त्यातून काहीतरी खाली पडू द्या.

१२ डिसेंबर
रजेचा प्रश्न. हाच खरा अवघड. मी कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये एकोणीस वर्षं आहे. गावातले निम्मे म्हातारे माझ्या दातांनी हसतात. दातांचा रंग जुळवणं हे काम नजरेचं. पांढऱ्याच्या सोळा छटा असतात आणि त्या ओळखणारा लॅबमध्ये मी एकटा. मी चार दिवस नसलो तर काय अनर्थ होईल, या विचाराने मेण वितळवताना बोट भाजलं.

मालकीणबाईंसमोर बोलायचे तीन मुद्दे कागदावर काढले होते. पहिला अर्धा झाला असेल. त्या म्हणाल्या, जा की. आठ दिवस जा. पॉलिशबाई बघेल. पॉलिशबाई म्हणजे कवळ्या घासून चकचकीत करणारी आमची सहकारी. तिने मान वर न करताच "हो" म्हटलं.

वाईट वाटलं. त्यांच्यासाठी. बिचाऱ्यांना कल्पना नाही.

रजा चारच दिवस घेतली, सोळा ते एकोणीस. लॅबवर दया म्हणून.

१५ डिसेंबर
पोहणं मला तत्त्वतः येतं. सराव हवा, म्हणून गरम पाण्याच्या तलावावर गेलो. शिकवणाऱ्या बाई साठीच्या, गळ्यात शिट्टी. म्हणाल्या, तोंड पाण्यात घाला. मी कारण विचारलं. त्या म्हणाल्या, कारण काही नाही, घाला. मी श्वासाची माझी पद्धत समजावून सांगितली. तोवर माझ्यामागून आलेल्या सहा बायका तरंगायला लागल्या होत्या.

चाळीस मिनिटं कठडा धरून होतो. बाई म्हणाल्या, पकड चांगली आहे.

१७ डिसेंबर
कान दुखतोय. तिथल्या पाण्यातच दोष आहे. यापुढे सराव घरी, कोरडा. पलंगावर पालथा झोपून हातपाय मारले. फळी तुटली. कन्येने दार उघडलं, पाहिलं, लावून घेतलं.

२१ डिसेंबर, सकाळी ११
बुकिंग झालं!

समुद्र समोर, न वाकता. तिघांची खोली, गॅलरीसह. फोनवर तारखा बोटाने निवडायच्या असतात. सोळा ते एकोणीस, चार वेळा तपासल्या. संपर्काच्या रकान्यात बायकोचा नंबर दिला, कारण कामावर माझे हात प्लास्टरने भरलेले असतात. असले बारकावे कन्येच्या दहा मिनिटांत बसले नसते.

घरात जाहीर केलं. बायकोने चहात साखर दोनदा घातली. इतकी खूश मी तिला बऱ्याच वर्षांत पाहिली नव्हती.

२२ डिसेंबर
फाईलला लावायला पावतीचा प्रिंट काढला.

सोळा ते एकोणीस जून.

२२ डिसेंबर, दुपारी
तारखा बरोबरच आहेत. फक्त महिना. महिनाही तपासायचा असतो, हे तिथे कुठेही लिहिलेलं नव्हतं.

२३ डिसेंबर
हॉटेलला फोन. यंत्राने एक दाबा म्हटलं, दाबला. चार दाबा म्हटलं, दाबला. मग बासरी. पस्तीस मिनिटं बासरी. शेवटी एक माणूस मिळाला, फार गोड बोलला. बदल होत नाही म्हणाला. शिवाय जानेवारीत मुंगीलाही जागा नाही. मी विचारलं, मग मी काय करू? तो म्हणाला, जूनमध्ये या, आम्ही वाट पाहतो.

आमच्या घरात आजवर माझी इतक्या आपुलकीने कोणी वाट पाहिलेली नाही.

२६ डिसेंबर
घरी अजून सांगितलेलं नाही. आधी पर्याय शोधायचा, मग दोन्ही गोष्टी एकदम सांगायच्या. म्हणजे धक्का बसणार नाही. आज अकरा हॉटेलांना विचारलं. अकराही भरलेली. मुंगीवालंसुद्धा.

३० डिसेंबर
आणखी नऊ. खिडकीतून वाकायला लावणाऱ्यांना मी स्वतःहून म्हटलं, वाकतो. तेही भरलेलं.

२ जानेवारी
बायकोने बॅग माळ्यावरून काढली. पातळ कपड्यांना इस्त्री करत होती. बाहेर गवतावर पांढरं दव गोठलेलं, आणि ही दोन स्वेटर घालून, डोक्यावर गवती टोपी चढवून आरशासमोर. टोपी नवी होती. मला बघून विचारलं, कशी दिसते? मी चांगली म्हणालो. मग ती म्हणाली, काही सांगायचं राहिलंय का?

मी म्हटलं, टॉवेल दोन घे.

निश्चय: उद्या सांगायचंच.

३ जानेवारी
आज तिची बोटं फार सुजली होती. अशा वेळी सांगणं क्रूरपणा झाला असता.

५ जानेवारी
आज ती आनंदात होती. अशा वेळी कसं सांगणार?

८ जानेवारी
कन्येने बस किती वाजता ते विचारलं. मी तपशील फाईलमध्ये आहे म्हणालो. ती फाईल मागायला लागली. फाईल लॅबमध्ये आहे म्हणालो. खरं म्हणजे मी फाईलवरच बसलो होतो. तासभर उठता आलं नाही.

११ जानेवारी
नवीन विचार. जून वाईट का? उलट जूनमध्ये पाणी आणखी कोमट. गर्दी कमी. जून ही चूक नसून माझ्या मनाने आतल्या आत घेतलेला निर्णय असावा. उद्या या दृष्टीने मांडणी करायची.

१३ जानेवारी
मांडणी केली. जेवताना. पाण्याचं तापमान, गर्दी, दिवसाची लांबी. कन्या आधी हसली. मग माझ्याकडे नीट पाहिलं आणि थांबली.

बायकोने ताट बाजूला सारलं. आवाज चढवला नाही.

"बुकिंगचा मेसेज माझ्या फोनवर आला होता. एकवीस तारखेलाच."

मग इतके दिवस बोलली का नाहीस, असं मी विचारलं. चिडूनच विचारलं.

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले. बॅग काढली, टोपी आणली, विचारूनही पाहिलं. रोज वाटायचं, आज सांगतील."

मी म्हटलं, जून कुठे पळून जातोय? खोली शाबूत आहे.

"अहो, जूनमध्ये ही नसेल."

यावरचा मुद्दा मी फाईलमध्ये शोधला. नव्हता.

१४ जानेवारी
कन्येने काल मुक्कामाची सोय लावली. नऊ मिनिटं लागली. तिच्या मैत्रिणीची मावशी समुद्राजवळ एकटी राहते, तिच्याकडे एक खोली रिकामी आहे. बसमध्ये मात्र दोनच जागा उरल्या होत्या.

मी ताबडतोब त्याग केला. म्हटलं, तुम्ही दोघी जा. माझा त्याग पुरता ऐकायच्या आत कन्येने तिकिटं काढली होती. बहुधा मी तो करणार याची तिला खात्री असावी.

१६ जानेवारी, सकाळी ७
सोडून आलो. खिडकीशी उभा राहून सूचना दिल्या: लाटेकडे पाठ करू नये, मोजे कोरडे ठेवावेत, तिसरी सांगत असताना बस सुटली. बायकोने हात हलवला. तिने तिसरीही ऐकली असं मी धरतो.

बॅगेत टॉवेल दोन होते. म्हणजे ऐकते.

१७ जानेवारी
रजेवर आहे. सहज लॅबवरून जात होतो, म्हणून आत डोकावलो. मालकीणबाई म्हणाल्या, तुम्ही समुद्रावर होतात ना? मी म्हटलं, कामाची काळजी वाटली. तेवढ्यात एका डॉक्टरांचा फोन. पेशंटच्या दातांचा रंग इतका हुबेहूब कधी जुळला नव्हता, कोणी केला? पॉलिशबाईने लाजून मान खाली घातली.

योगायोग. तरी तिचं अभिनंदन केलं. नवशिक्यांना उत्तेजन द्यावं.

१८ जानेवारी, संध्याकाळी ५
बायकोचा फोन. म्हणाली, ऐका, आणि फोन समुद्राकडे धरला. घरघर, खरखर, मध्येच कन्येची किंकाळी आणि हसणं. बायकोही हसत होती. तिचं असं हसणं ओळखायला मला जरा वेळ लागला. ती विचारत होती, येतंय ना ऐकू? मी म्हटलं, लाटा अगदी स्पष्ट.

मग लाईन गेली. मी थोडा वेळ तसाच फोन कानाला लावून बसलो. दुसऱ्या कानाला. दुखऱ्या कानाला गार लागतं.

२० जानेवारी
दोघी आल्या. काळ्याभोर. बायकोचं नाक सोललंय. पायाच्या बोटांची सूज उतरली. जिना चढताना कठड्याला हात लावला नाही.

पाण्यात गेलीस का, विचारलं. ती म्हणाली, गळ्याएवढ्या. तरंगलेसुद्धा. मला खरं वाटेना. पोहण्यातलं ओ की ठो कळत नसताना तरंगायचं म्हणजे काय खेळ आहे? कसं जमलं, असं विचारलं. ती मोजे काढत होती. जरा विचार करून म्हणाली,

"कुणी समजावून सांगत नव्हतं. जमलं."

मनाला लावून घेतलं नाही. प्रवासाचा शीण असणार.

कन्येला निघायला बाराच दिवस राहिले. सामान, तिकीट, तिकडची खोली, सगळंच बाकी. रात्रीच्या जेवणाला म्हटलं, तुझ्या जाण्याची तयारी मी हातात घेतो, फाईल आहेच. दोघी एकदम "नको" म्हणाल्या. एका सुरात.

या घरात इतक्या एकमताने आजवर काही ठरलं नव्हतं.